चर्च स्ट्रीटचे फादर

डब्लिनच्या किलमेनहॅम तुरुंगात ३ ते १२ मे १९१६ या दिवसांत आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी बंड केलेल्या १४ जणांना ब्रिटिश लष्कराने गोळ्या घालून मारलं. पहाटेची वेळ, उंच दगडी भिंतींचं आवार. वार्ताहर नाही, वकील नाही, घरचं कुणी नाही. खटले लष्करी होते आणि तेही बंद दाराआड उरकलेले. प्रेतंसुद्धा घरच्यांच्या हाती दिली नाहीत. नदीपलीकडे आर्बर हिलच्या लष्करी आवारात चर खणून त्यात शवपेटीशिवाय ठेवली आणि वरून चुना टाकला. थडगी झाली की लोक तिथे फुलं घेऊन जायला लागतील, ही ब्रिटिश सेनापती जनरल मॅक्सवेलची धास्ती. इतका बंदोबस्त करूनही आज आयर्लंडमधल्या शाळकरी मुलाला त्या १४ जणांच्या शेवटच्या तासाबद्दल पुष्कळ काही सांगता येतं. कोण काय बोललं, कुणी डोळ्यांवर पट्टी नको म्हटलं, कुणी कोणाला निरोप दिला. हे त्या भिंतींबाहेर आलं कसं?

बरंचसं आलं ते फादरांबरोबर. मरणाऱ्या कॅथलिक माणसाला धर्मगुरू नाकारण्याची हिंमत ब्रिटिश लष्करानेही केली नाही, आणि तेवढ्या फटीतून एक सबंध इतिहास बाहेर पडला.

मी वसईची, ख्रिस्ती घरातली. आमच्या आजीला मरणाचं भय नव्हतं. भय होतं ते फादर वेळेवर न पोचण्याचं. पावसाळ्यात कुणी आजारी पडलं की रस्ता चालू आहे का, हे ती डॉक्टरसाठी विचारायची नाही. त्यामुळे आयर्लंडच्या स्वातंत्र्यलढ्याबद्दल वाचताना माझं लक्ष बंदुकांपेक्षा त्या झगेवाल्या माणसांकडे जास्त जातं. शेवटचा संस्कार देणं आणि तो नाकारणं ही केवढी सत्ता आहे, हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. १९१६ पासूनच्या सात-आठ वर्षांत आयरिश चर्चने ती सत्ता दोन्ही बाजूंनी वापरली.

किलमेनहॅममध्ये जाणारे बहुतेक फादर एकाच मठातले होते. लिफी नदीच्या उत्तर काठावर फोर कोर्ट्स ही न्यायालयाची घुमटवाली इमारत आहे. तिच्या बाजूने वर जाणारा रस्ता म्हणजे चर्च स्ट्रीट. तिथे कपुचिन संघाचा मठ. कपुचिन म्हणजे संत फ्रान्सिसच्या परंपरेतले संन्यासी: तपकिरी झगा, कमरेला दोरी, दाढी आणि गरिबांमध्ये वस्ती. मुंबईला ते अनोळखी नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मुंबईचे बिशप हार्टमन हे कपुचिनच होते. चर्च स्ट्रीटच्या आसपास तेव्हा डब्लिनमधल्या अत्यंत वाईट चाळी होत्या. सप्टेंबर १९१३ मध्ये मठाच्याच रस्त्यावर अशा दोन चाळी कोसळून ७ माणसं मेली. मठाचं मोठं काम दारू सोडवण्याचं. एकोणिसाव्या शतकात लाखो आयरिश लोकांना दारू न पिण्याची शपथ देणारे फादर मॅथ्यू याच संघाचे, आणि त्यांच्या नावाचं सभागृह मठाला लागूनच होतं. बंडखोरांचा अड्डा वाटावा असं तिथे काही नव्हतं. काही फादरांना आयरिश भाषेच्या चळवळीचं प्रेम होतं, इतकंच.

२४ एप्रिल १९१६, ईस्टरनंतरचा सोमवार. सशस्त्र स्वयंसेवकांनी डब्लिनमधल्या मोक्याच्या इमारती ताब्यात घेतल्या, पोस्ट ऑफिसच्या दारात बंडाचा पुढारी पॅट्रिक पिअर्सने प्रजासत्ताकाचा जाहीरनामा वाचला. फोर कोर्ट्स आणि चर्च स्ट्रीट नेड डेली या पंचविशीतल्या तरुणाच्या तुकडीकडे आले. म्हणजे बंड मठाच्या दारात चालत आलं. दारूबंदीच्या सभागृहात जखमींच्या गाद्या पडल्या. आठवड्याच्या शेवटी शेजारच्या नॉर्थ किंग स्ट्रीटवर ब्रिटिश सैनिकांनी घरांत घुसून १५ नागरिक मारले. ती माणसं याच वस्तीतली.

(योगायोग म्हणून नोंदवते: त्याच आठवड्यात, २८ एप्रिलला, टिळकांनी बेळगावात होमरूल लीग स्थापन केली. नाव आयर्लंडकडून घेतलेलं, मागणीही तिकडच्यासारखी. आणि खुद्द आयर्लंडमध्ये होमरूलची सनदशीर वाट त्याच दिवसांत तोफांच्या धुरात दिसेनाशी होत होती.)

शनिवारी पिअर्सने शरणागती दिली. आता शहरभर विखुरलेल्या तुकड्यांना ते पटवणार कोण? इंग्रज अधिकाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवायला कुणी तयार नव्हतं. रविवारी फादर अलॉयसियस आणि फादर ऑगस्टीन डब्लिन कॅसलमध्ये कैदेत असलेल्या जखमी पुढाऱ्याला, जेम्स कॉनलीला भेटले, मग आर्बर हिलला पिअर्सला भेटले, आणि तिथून जेकब कंपनीच्या बिस्किट कारखान्यात तिथल्या तुकडीचा प्रमुख टॉमस मॅकडोनाकडे गेले. मॅकडोना म्हणाला, कैद्याने दिलेला हुकूम मी मानत नाही. मग ब्रिटिश जनरल लो याच्याशी त्याची भेट ठरवणं, त्याला गाडीतून दुसऱ्या तुकडीकडे नेणं, परत आणणं, हेही फादरांच्याच सोबतीने झालं. मठाचेच फादर कोलंबस असेच निरोप घेऊन फिरत होते. या धावपळीबद्दल फारसं लिहिलं जात नाही, कारण शरणागतीची गाणी होत नाहीत. पण हे निरोप्ये नसते तर आणखी किती मेले असते याची कल्पना करून पाहावी.

२ मेच्या रात्री मठाच्या दारावर लष्कराची गाडी आली. पिअर्सने फादरला बोलावलं होतं. फादर अलॉयसियस गेले. अंधाऱ्या कोठडीत त्यांनी पिअर्सचं पापनिवेदन ऐकलं, कम्युनियन म्हणजे पवित्र भाकरीचा प्रसाद दिला, मॅकडोनालाही दिला. कॉनलीनेही कम्युनियन घेतल्याचं त्यांनी सांगितलं तेव्हा पिअर्सला फार समाधान वाटलं. मार्क्सवादी मित्राच्या आत्म्याचीच त्याला काळजी लागून राहिली होती. मग फादरांना बाहेर काढलं. गोळीबाराच्या वेळी थांबता येणार नाही, असा हुकूम होता. ते मठात परतले आणि तिकडे पहाटे पिअर्स, मॅकडोना आणि टॉम क्लार्क मारले गेले. फादर अलॉयसियस यांनी तक्रार केली: मरणाच्या क्षणापर्यंत आणि त्यानंतर तैलाभ्यंग, म्हणजे पवित्र तेलाचा अखेरचा संस्कार, करीपर्यंत धर्मगुरू हजर असला पाहिजे, नाहीतर आमच्या येण्याला अर्थ नाही. लष्कराने ते मान्य केलं. त्यानंतरच्या प्रत्येक पहाटे त्या आवारात कुणी ना कुणी फादर उभा होता.

मला या प्रसंगात अलॉयसियस यांची हुशारी दिसत नाही, हट्ट दिसतो, तोही निव्वळ धार्मिक. साक्षीदार हवा म्हणून ते भांडले नाहीत. संस्कार पुरा व्हावा म्हणून भांडले, आणि साक्षीदार झाले. पापनिवेदनात ऐकलेलं ते कुणालाच सांगू शकत नव्हते. पण बाकीचं, म्हणजे चेहरा कसा होता, पावलं कशी पडत होती, आईला काय सांग म्हणाला, हे सांगायला कुठल्याच धर्मशास्त्राची ना नव्हती. पिअर्सच्या आईला तुरुंगापर्यंत पोचताच आलं नाही. तिच्या घरी बातमी घेऊन अलॉयसियसच गेले. तिचा धाकटा मुलगा विली दुसऱ्याच दिवशी, ४ मेला, मारला गेला.

त्याआधीच्या रात्री, ३ मेला, पहाटे मारला जाणारा जोसेफ प्लंकेट आणि ग्रेस गिफर्ड यांचं तुरुंगातल्या चॅपेलमध्ये लग्न झालं. ते लावलं तुरुंगाचे फादर मॅकार्थी यांनी. ही कहाणी इतक्यांदा सांगितली गेली आहे की मी पुढे जाते.

टॉम क्लार्कवर मात्र मला थांबायचं आहे. त्याचं वय जवळजवळ ६०, आधीच १५ वर्षं इंग्लंडच्या तुरुंगात काढलेली. शेवटच्या रात्री भेटायला आणलेल्या बायकोला, कॅथलीनला, त्याने सांगितलं की आलेल्या फादरला मी कोठडीतून घालवून दिलं. झाल्या गोष्टीबद्दल पश्चात्ताप होतो असं म्हण, अशी त्या फादरची अट होती. क्लार्कला पश्चात्ताप नव्हता, आणि मरताना खोटं बोलायची त्याची तयारी नव्हती. कॅथलीनने हे पुढे स्वतः लिहून ठेवलं.

या अटीमागे ५० वर्षांचा इतिहास होता. क्लार्क फेनियन, म्हणजे गुप्त शपथ घेतलेल्या क्रांतिकारकांच्या पिढीतला. १८६७ च्या उठावानंतर केरीचे बिशप मोरियार्टी प्रवचनात म्हणाले होते की फेनियन पुढाऱ्यांना शिक्षा द्यायला नरक पुरेसा तापलेला नाही आणि अनंतकाळही पुरेसा लांब नाही. १८७० मध्ये रोमनेही या संघटनेवर बंदी घातली. त्या काळातल्या कितीतरी माणसांना पापनिवेदनाच्या खिडकीतून परत पाठवलं गेलं. आयरिश धर्मगुरू म्हणजे आपोआप बंडखोरांचा मित्र, असं चित्र हल्ली गाण्यांतून उभं राहतं, ते अर्धं खरं आहे. मेनूथचं धर्मगुरू घडवणारं मोठं कॉलेज १७९५ साली ब्रिटिश सरकारच्याच पैशाने उभं राहिलं होतं. बिशपांना शांतता हवी होती, शाळा हव्या होत्या, आणि सरकारशी बोलणी चालू राहायला हवी होती.

चर्च स्ट्रीटच्या फादरांनी पश्चात्तापाची अट घातल्याचं माझ्या वाचनात आलेलं नाही. ५ मेला जॉन मॅकब्राइडजवळ ऑगस्टीन होते. हा मनुष्य दक्षिण आफ्रिकेत बोअरांच्या बाजूने इंग्रजांशी लढलेला; त्याला डोळ्यांवर पट्टी नको होती. ८ मेला शॉन ह्यूस्टनजवळ याच मठातले फादर अल्बर्ट होते, आणि त्या पंचवीस वर्षांच्या रेल्वे कारकुनाच्या शेवटच्या घटका त्यांनी लिहून ठेवल्या. त्याच दिवशी गेलेला मायकेल मॅलिन हा रेशमाचा विणकर. त्याचा आपल्याशी एक अवघड संबंध आहे: तरुणपणी तो ब्रिटिश फौजेत ड्रमर होता आणि काही वर्षं हिंदुस्थानात, वायव्य सरहद्दीवरच्या मोहिमेत, राहिला. साम्राज्य म्हणजे काय हे त्याला तिथे कळलं. शेवटच्या पत्रात त्याने लिहिलं की मुलगी ऊना नन व्हावी आणि धाकटा जोसेफ जमलं तर धर्मगुरू व्हावा. जोसेफ तेव्हा जेमतेम अडीच वर्षांचा. तो जेझुइट झाला, आयुष्यभर हाँगकाँगला शिकवत राहिला आणि २०१८ च्या ईस्टरला वयाच्या १०४ व्या वर्षी गेला. मरणाऱ्या बापाने मुलाचं आयुष्य असं ठरवून टाकावं का, हा प्रश्न मला छळतो. फादर जोसेफना मात्र तो कधी पडला असावा असं त्यांच्या मुलाखतींवरून वाटत नाही.

आणि १२ मेला कॉनली. घोटा गोळीने फुटलेला, उभं राहता येत नव्हतं. कॅसलमधल्या इस्पितळातून त्याला रुग्णवाहिकेत घालून किलमेनहॅमला आणलं, खुर्चीत बसवलं. किलमेनहॅमच्या त्या आवारात आज दोन काळे क्रूस आहेत. एका टोकाला बाकीच्यांचा, आणि दुसऱ्या टोकाला, फाटकाजवळ, एकट्या कॉनलीचा, कारण त्याला त्याहून आत नेणं शक्य नव्हतं. मी ते पाहिले आहेत. दोन्हींमधलं अंतर चालताना मार्गदर्शक मुलगी काही बोलली नाही, तेच बरं झालं. गोळ्या झाडणाऱ्या शिपायांसाठी प्रार्थना करशील का, असं अलॉयसियस यांनी त्याला विचारलं. आपापल्या समजुतीप्रमाणे कर्तव्य करणाऱ्या सगळ्या शूर माणसांसाठी मी प्रार्थना करतो, असं त्याचं उत्तर.

हे शब्द तुरुंगाबाहेर पडले आणि डब्लिनची हवा बदलली. ज्या बंडखोरांना पकडून नेताना रस्त्यावरच्या बायांनी शिव्या घातल्या होत्या, त्यांच्यासाठी आता मिस्सा, म्हणजे चर्चमधले प्रार्थनाविधी, मागितल्या जाऊ लागल्या. लष्करी कायद्याखाली सभा भरवायला बंदी. पण मेलेल्याच्या आत्म्यासाठी होणाऱ्या मिस्सेला बंदी कोण घालणार? मे-जूनमध्ये चर्चच्या पायऱ्यांवर जी गर्दी जमली, ती या लढ्याची पहिली उघड सभा म्हणायला हरकत नाही.

याची किंमतही होती, आणि ती सांगितली पाहिजे. फादरांच्या आठवणींत प्रत्येक जण संतासारखा मरतो. कॉनलीचा समाजवाद मागे पडतो आणि क्रूस पुढे येतो. त्याची प्रॉटेस्टंट बायको लिली त्याच वर्षी कॅथलिक झाली. याच बंडापायी लंडनमध्ये फासावर गेलेला रॉजर केसमेंट मरणापूर्वी कॅथलिक चर्चमध्ये आला. प्रजासत्ताकाच्या जाहीरनाम्यात सगळ्या धर्मांना समान हक्क होते, पण हुतात्म्यांच्या तसबिरीभोवती जपमाळ गुंडाळली गेली. उत्तरेकडच्या प्रॉटेस्टंट माणसाला त्या तसबिरीत स्वतःसाठी जागा दिसली नसेल, तर मला नवल वाटत नाही.

मॅक्सवेलने स्वतः एका बिशपला या बाजूला ढकललं. लिमरिकचे बिशप ओ'ड्वायर हे जुन्या वळणाचे. १८८० च्या दशकातल्या कुळांच्या आंदोलनाला त्यांनी कडाडून विरोध केलेला. तुमच्या दोन धर्मगुरूंना हलवा, असं मॅक्सवेलने त्यांना लिहिलं. १७ मेच्या उत्तरात बिशपांनी शरण आलेल्या तरुणांना थंड रक्ताने मारल्याबद्दल त्याला झोडपून काढलं, त्याची राजवट हा या देशाच्या दुःशासनातला एक काळाकुट्ट अध्याय आहे असं सुनावलं, आणि ते पत्र छापून आलं. बाकीचे बिशप यायला १९१८ उजाडलं. सक्तीच्या सैन्यभरतीचा कायदा झाल्यावर मेनूथला जमलेल्या बिशपांनी जाहीर केलं की देवाच्या कायद्यात बसणाऱ्या सर्व मार्गांनी या कायद्याला विरोध करण्याचा लोकांना हक्क आहे. २१ एप्रिलच्या रविवारी चर्चच्या दारोदार शपथा घेतल्या गेल्या. सक्तीची भरती आयर्लंडमध्ये कधीच लागू झाली नाही.

इथेच गोष्ट संपली असती तर किती सोपं होतं.

कॉर्कमध्ये फादर डॉमिनिक होते, याच कपुचिन संघाचे. महायुद्धात ब्रिटिश फौजेचे धर्मगुरू म्हणून सालोनिकाला राहून आलेले, मग कॉर्कच्या स्वयंसेवक ब्रिगेडचे धर्मगुरू. शहराचे महापौर टेरेन्स मॅकस्विनी लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगात उपोषणाला बसले तेव्हा डॉमिनिक त्यांच्याजवळ होते. उपोषण म्हणजे आत्महत्या की नाही, यावर धर्मपंडितांचा वाद रंगला होता, आणि इकडे डॉमिनिक त्या झिजत चाललेल्या माणसाला संस्कार देत होते. ७४ व्या दिवशी, २५ ऑक्टोबर १९२० ला, मॅकस्विनी गेले. पुढे १९२९ मध्ये लाहोरच्या तुरुंगात उपोषणाने जतिन दास गेले तेव्हा मॅकस्विनींच्याच घरातून सांत्वनाची तार आली होती.

कॉर्कचे बिशप कोहॅलन मॅकस्विनींच्या अंत्ययात्रेला हजर होते. पण दीडेक महिन्यातच, किलमायकेलला स्वयंसेवकांनी दबा धरून घातलेला छापा आणि ब्रिटिश दलांनी पेटवलेलं कॉर्क शहर पाहिल्यावर, १२ डिसेंबरला त्यांनी फर्मान काढलं: माझ्या धर्मप्रांतात दबा धरून हल्ला करणारा किंवा माणसं पळवणारा चर्चमधून बहिष्कृत. डॉमिनिक यांनी ब्रिगेडला कळवलं की तुम्ही प्रजासत्ताकाचे सैनिक म्हणून लढता, हे फर्मान तुम्हाला लागू होत नाही. एका संन्याशाने बिशपचं फर्मान असं बाजूला सारावं, ही साधी गोष्ट नाही. आमच्या गावात असं झालं असतं तर तीन पिढ्या त्यावर बोलल्या असत्या. त्याच महिन्यात डॉमिनिक पकडले गेले. पाच वर्षांची शिक्षा झाली. त्याआधी नोव्हेंबरात गॉलवेचे फादर ग्रिफिन यांना घरातून नेऊन मारलं होतं. प्रेत बार्नाजवळच्या दलदलीत सापडलं.

मग इंग्रजांशी तह झाला, पुरतं प्रजासत्ताक न देणारा, आणि त्या तहावरून आयरिश माणूस आयरिश माणसावर उठला. जून १९२२ मध्ये नव्या सरकारच्या तोफा फोर कोर्ट्सवर धडाडल्या, तेव्हा तहविरोधकांबरोबर आत फादर अल्बर्ट आणि सुटून आलेले डॉमिनिक होते. मठापासून हाकेच्या अंतरावर. १० ऑक्टोबरला सगळ्या बिशपांनी मिळून पत्रक काढलं: नव्या सरकारविरुद्ध लढणाऱ्यांना पापमुक्ती नाही, कम्युनियन नाही. तुरुंगात पडलेल्या पोरांना लढा सोडल्याची कबुली दिल्याशिवाय संस्कार मिळेनात. टॉम क्लार्कला घातलेली अट पुन्हा, या वेळी स्वराज्याच्या नावाने. या सरकारने ७७ जणांना गोळ्या घातल्या, इंग्रजांनी १९१६ मध्ये मारले त्याच्या कितीतरी पट.

बिशपांचं म्हणणं मला अगदीच कळत नाही असं नाही. निवडून आलेलं सरकार होतं, लोक रक्ताला विटले होते, आणि मारणाऱ्याला आवरण्याचं चर्चजवळ हे एकच हत्यार होतं. पण शेवटच्या संस्काराचं हत्यार करायचं नसतं, असं माझं ठाम मत आहे. आजीचं तर होतंच.

संघाने आपले अडचणीचे फादर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पाठवले. डॉमिनिक ऑरेगनमधल्या बेंड गावी गेले, अल्बर्ट कॅलिफोर्नियातल्या सांता इनेसच्या जुन्या मिशनमध्ये. अल्बर्ट फेब्रुवारी १९२५ मध्ये तिथेच वारले, डॉमिनिक १९३५ मध्ये. दोघांच्या अस्थी जून १९५८ मध्ये मायदेशी आणून कॉर्कजवळ रोचेस्टाउनला पुरल्या. नव्या राज्यात शाळा, इस्पितळं, अनाथालयं बहुतेक चर्चच्या हाती राहिली, पण ते चर्च ऑक्टोबरच्या पत्रकाचं होतं. त्याच्या संस्थांमध्ये मुलांवर आणि बायकांवर काय झालं, ते पुरतं बाहेर यायला पुढचं शतक उजाडावं लागलं.

नोव्हेंबर १९२३ मध्ये डेनिस बॅरी हा कॉर्कचा तहविरोधी कैदी ३४ दिवसांच्या उपोषणानंतर गेला. मॅकस्विनींच्या शवपेटीमागे चाललेल्या त्याच बिशप कोहॅलन यांनी त्याला ख्रिस्ती दफन नाकारलं. चर्चची दारं बंद, कबरीवर फादर नाही. पवित्र पाणी शिंपडलं आणि रोजरीतल्या दहा नमो मरिया म्हटल्या त्या डेव्हिड केंट या लोकप्रतिनिधीने. त्याचा भाऊ टॉमस १९१६ च्या मे महिन्यात कॉर्कला इंग्रजांच्या गोळ्यांनी मेला होता. धर्मशास्त्र त्या दफनाला काय म्हणायचं ते म्हणो. मी तिथे असते तर मोठ्याने आमेन म्हटलं असतं.